एकाच अंगाला वळलेली पानं

माझ्या वहिनीने आजवर घडवलेल्या जवळजवळ प्रत्येक हिऱ्याच्या दागिन्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्येही इतके नसतील. बघणाऱ्याला वाटेल, केवढं हे नणंदेला भावजयीचं कौतुक! कौतुक कसलं, डोंबल. दुखरा दात माणूस जसा जिभेने चाचपत राहतो, तशी मी ते फोटो उघडून बसते.

कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, आमचं लहानसं दुकान. खाली पेढी आणि वर माडीवर आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कामाची जागा. साज, ठुशी, पुतळ्यांची माळ ही त्यांची कामं. खिडकीपाशी त्यांचा पाट, पाटासमोर ऐरण, आणि त्यांच्या डाव्या हाताला एक रिकामी जागा. त्या जागेवर मी लहानाची मोठी झाले. दादा, माझा थोरला भाऊ, शाळेतून आला की क्रिकेटला पळायचा. मी दप्तर टाकून वर जायची आणि पाटीवर पानं काढत बसायची. आप्पा माझ्या हातातली पाटी घेऊन एखादी रेघ अंगठ्याने पुसायचे आणि परत द्यायचे. बोलायचे काही नाहीत. पुसलेल्या जागी काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं.

आमच्या माडीवर एक नेम होता. चूक घरात रात्र काढता कामा नये. दिवसभरात काही बिघडलं, एखादं पान वेडंवाकडं आलं, मणी चेपला, तर दिवेलागणीच्या आत तो जिन्नस मुशीत जायचा आणि वितळून पुन्हा सोन्याचा गोळा व्हायचा. पितळेच्या ठशात चूक झाली तर ठसा कानशीने घासून सपाट करायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा कोरायचा. आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेलं. चूक झोपली की ती घरचीच होते, असं ते म्हणायचे.

मी आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत आप्पांनी मला पहिल्यांदा खरं काम दिलं. आंब्याच्या पानांचा एक हार चालला होता. मधे पदक, एका बाजूची सगळी पानं उजवीकडे वळलेली, दुसऱ्या बाजूची डावीकडे, म्हणजे दोन्हीकडून पानं पदकाकडे तोंड करून बसलेली. डाव्या पानाचा ठसा झिजून गेला होता. नवा कोरायचा होता. आप्पांनी पितळेचा तुकडा आणि कोरणी माझ्यापुढे ठेवली. सबंध सुट्टी मी ते एक पान कोरत होते. देठापाशी एकदा कोरणी घसरली आणि एक बारीक ओरखडा उठला, पण बाकी पान असं उतरलं होतं की मला रात्री झोप येईना.

सुट्टी संपता संपता आप्पांनी ठशावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवला, हातोडी चालवली आणि पान उचलून तळहातावर घेतलं. शेजारी आधीचं उजवं पान ठेवलं. दोन्ही पानं उजवीकडेच बघत होती. ठसा हा शिक्क्यासारखा असतो. त्यात जे डावीकडे कोराल ते सोन्यात उजवीकडे येतं. सोनाराच्या घरच्या पोराला हे चालायला लागायच्या आधी कळतं. मला पान काढण्याच्या नादात ते आठवलंच नव्हतं.

"दोन्ही पानं एकाच अंगाला वळली की गं," आप्पा म्हणाले. मग पान खाली ठेवून म्हणाले, "जा, आईला चहा टाकाय सांग."

मी खाली गेले. चहा वर नेऊन दिला तेव्हा ठसा पाटावर नव्हता. नेमाप्रमाणे कानशीखाली गेला असणार, असं मी धरून चालले. त्यानंतर आप्पांनी मला परत कधी कोरणी दिली नाही आणि मीही मागितली नाही. मी मनात पक्कं केलं की आपण नापास झालो. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शिक्षिका झाले, लग्न होऊन बिद्रीला आले. यांची साखर कारखान्यात नोकरी, माझी जवळच्या गावात शाळा. मुलांना कमळ, मोर आणि देखावे शिकवण्यात माझे हात पिवळे-निळे होत राहिले.

माझ्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी दादाचं लग्न झालं. वहिनी कोडोलीची. तिच्या वडिलांचंही तिथे सोनारकामाचं दुकान, जोडवी आणि मासोळ्यांचं. वयाने ती माझ्याएवढीच. पुढच्या होळीला मी माहेरी गेले तर माडीवर आप्पांच्या डाव्या हाताला ती बसलेली. चहा घेऊन वर आली होती आणि बसली ती बसलीच, असं आई कौतुकाने सांगत होती. आप्पांची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती आणि दादाचा जीव माडीवर कधी रमला नाही, त्याला गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला खालची गादीच बरी वाटायची. म्हणजे तिथे कुणीतरी बसायला हवंच होतं. हे सगळं मला कळत होतं. पण त्या दिवशी मी पुरणपोळी अर्धी टाकून उठले आणि पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं ते.

हिरे आमच्या दुकानात तिच्यामुळे आले. त्याआधी आमच्याकडची गिऱ्हाइकं हिऱ्याला भ्यायची. हिरा सगळ्यांना लाभत नाही, बघून घ्यावा लागतो, असं बायका म्हणायच्या आणि तोळ्यावर बोलणी सुरू करायच्या. वहिनीने दादाच्या मागे लागून सुरतेला जाऊन डिझाइनचं शिक्षण घेतलं. तान्हं पोर माझ्या आईजवळ ठेवून गेली होती. मी माझ्या शाळेची एक सहल सोडून कुठे गेले नव्हते. परत आली ती कॉम्प्युटर घेऊन आणि माडीवर आप्पांच्या ऐरणीशेजारी तो मांडून बसली.

सुरुवातीची तिची कामं मला फार आवडायची, कारण ती वाईट होती. फुलावर फूल, फुलाच्या पाकळीवर आणखी फूल आणि सगळीकडे हिरे, परातीत साबुदाणा सांडल्यासारखे. मी दादाला म्हटलं, वहिनींना सांग, उपवासाला चालेल असा एखादा कर. दादा हसला. दागिने मात्र खपले. लग्नसराईत गावोगावच्या बायका वहिनींचं फूल मागायला येऊ लागल्या.

मग काही वर्षांनी तिने फुलं टाकून दिली. सरळ रेघा, चौकोन, त्रिकोण, एका ओळीत बसवलेले बारीक हिरे. ऑफिसला जाणाऱ्या बायकांना साडीवर आणि ड्रेसवर दोन्हीवर चालणारे. मी त्याला भूमितीची वही म्हणायची. पण हेही सांगायला हवं की त्यातली एक अंगठी मी शाळेच्या स्नेहसंमेलनात एका पालकबाईच्या बोटात पाहिली आणि भाषणात काय बोलायचं ते विसरले. दोन रेघा एकमेकींजवळ येत होत्या आणि भेटायच्या आधी थांबत होत्या. त्या थांबण्याच्या जागी हिरा. वहिनीने हिऱ्याला पहिल्यांदा मोकळी जागा दिली होती. ती अंगठी करणाऱ्या बाईला नावं ठेवायला मला नवीन शब्द शोधावे लागणार होते.

आप्पा गेले तेव्हा मी शेवटचे चार दिवस त्यांच्या उशाशी होते. ते माझ्याशी पावसाबद्दल बोलले, यांच्या बदलीबद्दल बोलले. पाटाबद्दल बोलले ते वहिनीशी. ऐरण कुठे ठेवायची, फुंकणी कुणाला द्यायची नाही. मी पाणी द्यायला वाकले होते आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले.

त्यानंतर वर्षभर वहिनीचं नवीन काही आलं नाही. आणि मग तो हार आला ज्याला आता सगळे वारा म्हणतात. कोल्हापुरात एका सभागृहात तिच्या कामाचं प्रदर्शन होतं. पुण्या-मुंबईचे लोक आले होते. मी मुलीला घेऊन गेले होते. काचेत एकच हार ठेवलेला. पातळ पत्र्याची, आतून पोकळ सोन्याची आंब्याची पानं. पदक नाही, मध्य नाही. सगळी पानं एकाच अंगाला, उजवीकडे वळलेली. आणि प्रत्येक पानाच्या टोकाला अगदी लहान कोंदणात एकेक हिरा, आत्ता गळेल असा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, जणू वारा सुटलाय. दुसऱ्या बाईंनी मान डोलावली.

मी काचेला नाक लावलं. प्रत्येक पानाच्या देठापाशी एक बारीक ओरखडा होता. माझी कोरणी जिथे घसरली होती बरोबर तिथे. तोसुद्धा तिने ठेवला होता. त्या बाई म्हणत होत्या, बघा, पानाची शीर किती नैसर्गिक आलीय.

मी काचेपासून मागे सरले. ठसा घासला गेला नव्हता. इतकी वर्षं तो कुठेतरी होता आणि या बाईला तो सापडला होता. ज्या चुकीपायी मी त्या माडीवरून उतरले, तीच चूक काचेत मांडून ही बाई पुण्या-मुंबईच्या लोकांना दाखवत होती. तेवढ्यात कुणीतरी तिला स्टेजवर बोलावून विचारलं, ही कल्पना कुठून सुचली. वहिनी माइकपुढे उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमच्या मामंजींच्या पेटीतून." मामंजी म्हणजे आमचे आप्पा. टाळ्या पडल्या. तिची नजर माझ्यावर आली आणि सरकली.

मग ओळीने बक्षिसं आली. मासिकात फोटो आले. मी एकेक जपून ठेवला. वारा पुढे बदलत गेला, हे मान्य करते. आधी पानं जड होती, मग ती विरळ झाली, मग एका हारात फक्त चार पानं आणि बाकी नुसती तार. पुढे हिराही टोकावरून मागे आला, पानाच्या पोटात अर्धा लपला. असं वाटायचं की ही बाई दरवर्षी एकेक गोष्ट काढून टाकतेय आणि माझी चूक तेवढी ठेवतेय.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिच्यासाठी हार मी काढायचा, हे मी ती पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. शाळा सुटली की मी चित्रं काढत बसायची. एक मनासारखं झालं तेव्हा तिला दाखवलं. ती बराच वेळ बघत होती. छान आहे गं आई, म्हणाली, पण मला मामीचा वारा हवाय, आणि मामा आहेरात तोच देतो म्हणालाय. पोटची पोर. मी कागद गुंडाळून कपाटावर टाकला आणि हो म्हटलं.

त्याच दिवशी मी ठरवलं की खंडेनवमीला माहेरी जायचं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात आणि पूजतात. त्या दिवशी पेटीतलं सगळं बाहेर निघतं. वहिनीच्या तोंडून मुलीसमोर वदवून घ्यायचं होतं की हे पान तुझ्या आईचं आहे. नाहीच म्हणाली, तर ठसा उचलून आणायचा. त्यासाठी मी पर्समध्ये एक जुना सुती रुमालही ठेवला होता.

मुलीला घेऊन माडीवर पोहोचले तेव्हा वहिनी सतरंजीवर हत्यारं मांडत होती. ऐरण, हातोड्या, सांडशा, कोरण्या, आणि शेजारी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलेलं. दादा मुलीला घेऊन झेंडू आणायला गेला. वहिनीने पेटीच्या तळातून एक फडक्याची घडी काढली आणि सोडली. पितळ काळपटलं होतं. पान डावीकडे वळलेलं.

"वहिनी, ह्यो ठसा माझा हाय," मी म्हटलं. इतकी वर्षं शुद्ध बोलायची सवय, पण माडीवर तोंडात हेच आलं.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली आणि ठसा ऐरणीशेजारी ठेवला.

मी तयारी करून आले होते ती तिच्या नाकबुलीची.  मग त्या दिवशी स्टेजवर का नाही सांगितलं, असं विचारलं. आवाज चढलाच होता.

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "स्टेजवर तुमचं नाव घेतलं असतं तर माझं काय उरलं असतं, वन्सं?"

असं तोंडावर बोलणारी बाई आहे ती. कोडोलीचं पाणी. मग ती पुढे सांगत गेली आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. आप्पांच्या हाताखाली तिने किती वर्षं काढली. किती पानं बिघडली, किती ठसे चुकले. एकही चूक त्यांनी घरात रात्रभर राहू दिली नाही. बाळंतपणातून उठून केलेलं तिचं पहिलं पदक, कड जराशी बसली होती म्हणून तिच्या डोळ्यांदेखत मुशीत टाकलं. ती खाली जाऊन रडली आणि वर येऊन दुसरं केलं. आणि दर खंडेनवमीला आप्पा पेटीच्या तळातून ही घडी काढायचे, सोडायचे, फूल वाहायचे आणि परत बांधायचे. एकदा तिने विचारलं होतं, हा चुकलाय, घासून कोरू का नवा.

"दोन दिस बोलले न्हाईत माझ्याशी," वहिनी म्हणाली. "मग म्हणाले, त्यो पोरीचा हाय. सगळं शिकवलं मला त्यांनी. पण माझं काय ठेवलं? चुकायची मुभा घरात एकटीला हुती, आन् ती हितं ऱ्हातबी न्हवती."

आप्पा गेल्यावर तिने रागाने तो ठसा बाहेर काढला होता. या चुकीत एवढं काय आहे ते बघू तरी, म्हणून पानावर पान ठोकत गेली. जोडीचं डावं पान करायचं तिच्या मनात होतं. पण पाटावर उजवीकडे वळलेली पानांची रांग लागली आणि तिचा हात थांबला. रांगेत वारा दिसला. त्या दिवशी तुमचा इतका राग आला, म्हणाली, की जेवले नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगते. आप्पांच्या आठवणीने भरून वगैरे आलं ते नंतर, घरी जाताना एसटीत. त्या क्षणी मला आनंद झाला. जिच्यावर मी इतकी वर्षं जळत होते, ती माझ्यावर जळत होती. तेही माझ्याहून जवळून, दर साल हळदकुंकू लावून. माझ्याकडे फोटो होते, तिच्याकडे ठसा.

"न्यायचा आसंल तर न्या," ती म्हणाली. "रुमाल दिसतोय पर्समधनं."

मी पर्सची चेन लावली. जिन्यावर पावलं वाजली. दादा आणि मुलगी झेंडूच्या पिशव्या घेऊन वर आले. मुलीने हौसेने आहेराचा तयार झालेला हार गळ्यात घातला होता आणि गल्लीभर दाखवून आली होती. कशी दिसते, असं विचारत माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या गळ्यात माझी पानं हलत होती.

"सगळी एकाच अंगाला वळल्यात की गं," मी म्हटलं. वहिनी खाली मान घालून फुलं निवडायला लागली.

आप्पांनंतर पूजा वहिनीच करते, कारण पाटावर तीच बसते. एकेका हत्याराला तिने फूल वाहिलं. ठशापाशी आली तेव्हा हात थांबला. तिने फूल माझ्याकडे धरलं. मुलीने विचारलं, हे काय आहे, मामी?

"तुझ्या आईचं पान," वहिनी म्हणाली. "त्याचाच हार हाय तुझ्या गळ्यात."

मुलगी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायला लागली. जे वदवून घ्यायला आले होते ते मला मिळालं होतं. फूल अजून माझ्यापुढेच होतं.

"तुम्हीच वाहा, वहिनी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. मग ती वाकली आणि तिने फूल ठशावर ठेवलं.

ठसा मी आणला नाही. आणला असता तर माझ्या कपाटात त्या गुंडाळलेल्या कागदाशेजारी पडून राहिला असता. तिथे आहे तोवर दर खंडेनवमीला ती मोठी डिझायनर माझ्या चुकीपुढे वाकते. एवढं सुख मी का सोडू?